दुसरी गाडी कशाला?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले. दूध विरजून, ओटा पुसून मी दिवा बंद करणार, तेवढ्यात मामेबहिणीचा फोन आला. ती इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्रीजवळ राहते. "ताई, झोपली नाहीस ना? एक सल्ला हवाय." माझ्या पोटात गोळाच आला. परदेशातून अवेळी फोन आणि वर सल्ला, म्हणजे एक तर दुखणंखुपणं नाहीतर लेकीचं लग्न. मी खुर्ची ओढून बसले. तर बाईसाहेब विचारतात, "एमजीबी घेऊ की स्पिटफायर?"

या दोन जुन्या मोटारी आहेत, हे कळायलाच मला पाच मिनिटं लागली. बरं, नुसत्या जुन्या नाहीत, बंद पडलेल्या. अशी गाडी विकत घ्यायची, ती सुटी करायची, गंज काढायचा, इंजिन उघडायचं आणि दोन-चार वर्षांनी पुन्हा रस्त्यावर आणायची. तिकडे याला 'प्रोजेक्ट कार' म्हणतात. आपल्याकडे याला 'रिकामटेकडेपणा' म्हणतात! आणि ही तिची दुसरी. पहिली मॉरिस मायनर. तिला चार वर्षं लागली आणि आता ती गाडी दर रविवारी भाजी आणायला जाते.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, आम्हाला इथे स्कूटीचा पंक्चरवाला वेळेवर मिळत नाही आणि तुम्ही विलायतेतल्या स्पोर्ट्स कारच्या गप्पा कसल्या मारता? मलाही आधी तसंच वाटलं. पण त्या फोननंतर पंधरा दिवस मी त्याच विचारात होते. कारण प्रश्न गाडीचा होता आणि नव्हताही.

आधी गाड्या सांगते. दोघी एकाच वर्षी, १९६२ साली बाजारात आल्या आणि दोघी एकाच वर्षी, १९८० साली बंद झाल्या. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळची ऑक्सफर्डची. एमजीबी तयार व्हायची तिथून जवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात. (आपल्याकडे २०१९ पासून रस्त्यावर दिसणाऱ्या एमजीचं नाव तेवढं तेच, घराणं केव्हाच बदललं.) तिचं १७९८ सीसीचं इंजिन दणकट, खोडी न काढणारं. १९६५ साली तिची जीटी आली, वर पक्कं छप्पर आणि मागे वर उघडणारं दार. एमजीबी आणि जीटी मिळून पाच लाखांच्या वर गाड्या निघाल्या. स्पोर्ट्स कारच्या मानाने हा आकडा फार मोठा.

स्पिटफायर ही ट्रायम्फ कंपनीची. कॉव्हेन्ट्रीतल्याच कॅनलीच्या कारखान्यातली, म्हणजे बहिणीच्या अगदी गाववाली. नाव घेतलं दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं. आराखडा जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचा. तिच्या जन्माची गोष्ट मोठी गंमतशीर आहे. नमुना तयार झाला आणि कंपनीकडचे पैसे संपले. गाडी कारखान्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेली. १९६१ मध्ये लेलँड कंपनीने ट्रायम्फ विकत घेतली, नवे साहेब काय-काय आहे ते बघत फिरत असताना धूळ बसलेल्या कापडाखाली त्यांना ही सापडली. त्यांना आवडली आणि पुढच्या वर्षी ती रस्त्यावर आली. तीन लाखांवर गाड्या निघाल्या.

या दोघी आधी दोन वेगळ्या घरांतल्या, एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून असलेल्या. १९६८ मध्ये कंपन्यांचं एकत्रीकरण होऊन ब्रिटिश लेलँड झाली आणि दोघी एकाच घरात जावा-जावा झाल्या. मग जे जावांचं होतं तेच! पैसा कुणावर खर्च करायचा, कुणाला नवं काय द्यायचं, यावरून ओढाताण. शेवटी घरच खालावलं आणि दोघींना एकदमच निरोप मिळाला.

आता बहिणीच्या घरातला पेच. तिचे यजमान म्हणत होते, एमजीबी जीटी घ्यावी. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. छप्पर आहे, तिकडच्या पावसात भिजायला नको. हमरस्त्यावर इतर गाड्यांच्या बरोबरीने चालते. मागे पिशव्या मावतात. सुट्या भागांची तर ददातच नाही. १९८८ पासून एमजीबीचा अख्खा नवा सांगाडा तयार मिळायला लागला, जुन्या साच्यांवरच काढलेला. बाजारात गाडीला मागणी चांगली. मी फोनवरच म्हटलं, "अगं मग विचार कसला करतेस? भावजी म्हणतात तेच घे की!"

ती गप्प बसली. मग म्हणाली, "ताई, तुला अण्णांची हेराल्ड आठवते?"

न आठवायला काय झालं! कोल्हापूरला मामांच्या दवाखान्यापुढे उभी असायची ती स्टँडर्ड हेराल्ड. मद्रासच्या कारखान्यात १९६१ पासून बनायची. मामांनी ती सेकंडहँड घेतलेली, दोन दारांची, फिकट निळी. तिचं बॉनेट आताच्या गाड्यांसारखं काचेच्या बाजूने वर उचलायचं नसे. पुढचा अख्खा भाग, दिव्यांसकट आणि चाकांवरच्या पत्र्यांसकट, पुढच्या बाजूला कलंडायचा. आम्ही मुलं त्याला 'मगर' म्हणायचो. मगरीने आ वासला की पुढची दोन्ही चाकं आणि मधलं इंजिन उघडं पडायचं. मामा चाकावर टेकून आत हात घालायचे आणि ही सहा-सात वर्षांची पोर शेजारी पान्यांची पिशवी धरून उभी. एखादा भाग मिळाला नाही तर उद्यमनगरात जाऊन लेथवर करून आणायचे. मामींची एकच तक्रार, "टॉवेलाला ग्रीस लावू नका हो!" आम्ही बाकीच्या मुली घरात पत्ते खेळत बसायचो. आम्हाला कुणी 'येऊ नका' म्हटलं नव्हतं, पण 'या' असंही कुणी म्हटलं नाही. हिला तेवढं मामांनी 'ये' म्हटलं.

ती हेराल्ड आणि ही स्पिटफायर सख्ख्या बहिणी. हेराल्डचीच चॅसी आखूड करून स्पिटफायर केली. मगरीसारखं बॉनेटही तेच.

मी म्हटलं, "म्हणजे माहेरची ओढ आहे म्हण की. त्यापायी पैसे घालवू नकोस."

"नाही गं," ती म्हणाली, "ओढ आहेच, पण हिशेब वेगळा आहे." आणि मग तिने जे सांगितलं, त्याने मी गार पडले.

पहिली गाडी करताना तिला एक कळलं. तिला इंजिन उघडायला आवडतं, वायरिंग करायला आवडतं, कार्ब्युरेटर तर ती मांडीवर घेऊन तासन्‌तास साफ करत बसते. पण पत्र्याचं काम नको होतं. कापणं, वेल्डिंग, पुट्टी, घासणं. मॉरिसच्या चार वर्षांतलं दीड वर्ष गाडी वेल्डिंगवाल्याच्या दारात उभी होती आणि ही त्याला फोन करत होती. "आपण शिवायला घेतलेलं पोलकं सव्वा वर्ष काजं-बटणं करणाऱ्याकडेच पडून राहावं, तसं झालं बघ," ती म्हणाली.

एमजीबीला वेगळी चॅसी नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. दोन्ही दारांखाली जो पत्र्याचा उंबरा असतो, त्यावर गाडीचा सगळा भार. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते नेमकं त्या उंबऱ्यात जाऊन बसतं. बाहेरून पत्रा चकचकीत, आतून पापड. तो दुरुस्त करायचा म्हणजे बाहेरचा, मधला, आतला असे थर कापून नवे जोडायचे. तेही गाडी नीट आधारावर ठेवून, नाहीतर सांगाडा वाकतो आणि मग दारं लागत नाहीत. घरच्या गॅरेजमध्ये हौशी माणसाने करायचं काम नव्हे ते.

स्पिटफायरला खाली वेगळी चॅसी आहे. वरचं अंग बोल्टांनी बसवलेलं. उंबरे तिचेही गंजतात आणि त्यांच्यावरही भार असतोच, तेव्हा ती काही गंगेत न्हालेली नाही. पण अर्ध्याहून जास्त गाडी पाने घेऊन एकटीला सुटी करता येते. बॉनेट कलंडवलं की चाकावर बसून काम करता येतं, वाकावं लागत नाही. कमरेला हा केवढा फरक आहे, ते विहिरीवरचं पाणी आणि नळाचं पाणी दोन्ही पाहिलेल्या बायकांना सांगायला नको.

म्हणजे भावजी गाडी कोणती चांगली ते बघत होते. चालवायला एमजीबीच चांगली, ते तिलाही मान्य आहे. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये तर वळणावर घाबरून एकदम पाय काढला की मागचं चाक आत दुमडायचं आणि गाडी फिरायची. १९७० च्या मॉडेलपासून ते बरंच सुधारलं. पण ती बघत होती, पुढची तीन-चार वर्षं माझ्या हाताला काम कोणतं मिळेल ते. पहिल्यांदा माणूस गाडी निवडतो, दुसऱ्यांदा काम निवडतो. यजमानांना हे पटायला वेळ लागला, कारण ते काम ते स्वतः करणार नव्हते.

मग ती एक वाक्य बोलली आणि माझी झोपच उडाली. "ताई, माझ्या बोटांमध्ये अजून एक गाडी आहे. दोन असतील असं वाटत नाही." मामींची बोटं शेवटी शेवटी कशी आखडली होती, ते मी पाहिलंय. चपाती लाटताना लाटणं तळव्यांनी ढकलायच्या. हिच्या उजव्या हाताची दोन बोटं सकाळी तासभर उघडत नाहीत. वय अठ्ठावन्न.

आता आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय झालं ते ऐका. तिथे तिने दोन्ही गाड्यांचे फोटो टाकले होते. एकीने लिहिलं, 'या वयात?' दुसरीने लिहिलं, 'भावजींचा छंद वाटतं? छान!' एका चुलतभावाने विचारलं, 'झाल्यावर विकून किती सुटतील?'

उत्तर सरळ आहे. काही सुटणार नाही. या दोन्ही गाड्यांवर मन लावून काम केलं तर जो खर्च होतो, तेवढी किंमत बाजारात सहसा येत नाही. नीट केलेली, चालती गाडी विकत घ्या, ती स्वस्त पडते. तिला हे पहिल्या गाडीपासून ठाऊक आहे. पैसे तिचे स्वतःचे आहेत. नोकरी सोडताना मिळालेल्या रकमेतला एक भाग तिने वेगळा काढलाय, तो संपला की थांबायचं. घरखर्चाला हात नाही, कर्ज नाही. इथपर्यंत मी तिला खोदून खोदून विचारलं, कारण छंदापायी घर पोखरलेले पुरुष आपण सगळ्यांनी पाहिलेत आणि बाईने तेच केलं तर ते बरं, असं मी म्हणणार नाही.

पण त्या चुलतभावाचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. हाच भाऊ दर वर्षी नवा कॅमेरा घेतो. 'फोटो विकून किती सुटले?' असं त्याला कधी कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. आणि बायकांना? भरतकाम सुंदर करतेस, ऑर्डरी घे. केक छान झालाय, विकायला सुरुवात कर. रांगोळी मस्त काढतेस, क्लास काढ. कौतुकाच्या पुढच्याच वाक्यात गल्ला! याच पानांवर आम्हीही वर्षानुवर्षं 'घरबसल्या उद्योग' छापत आलो, ते माझ्या लक्षात आहे. ज्या घरात पैशांची नड आहे तिथे बाईच्या हातातलं कसब उपयोगी पडलं, हे चांगलंच झालं. पण ज्या घरात नड नाही, तिथेही बाईच्या हौसेने पोट भरून दाखवायचं, हे कुणी ठरवलं? पुरुषाचा छंद खर्चाच्या वहीत चालतो आणि बाईचा मात्र जमेच्या बाजूलाच हवा?

माझंच सांगते. माझ्या स्कूटरचं कुरकुर करणारं ब्रेक दाखवायला मी गॅरेजमध्ये गेले, तर तिथला माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारतो, "साहेब नाही आले?" साहेबांना स्टेपनी कुठे असते तेही माहीत नाही! पण मीही कधी त्या स्कूटरचं झाकण उघडून आत पाहिलं नाही, हेही खरं. सवयीने आपणही बाजूला उभं राहायला शिकतो.

आणि ज्या विमानावरून या गाडीचं नाव ठेवलं, त्याचीच एक गोष्ट बहिणीने सांगितली. महायुद्धात स्पिटफायर आणि हरिकेन विमानांनी एकदम नाक खाली करून सूर मारला की त्यांचं इंजिन गचके खायचं. दोष कार्ब्युरेटरमधला. जर्मन विमानांचा तसा नव्हता, त्यामुळे ती निसटून जायची. यावर तोडगा काढला बिॲट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी. फार्नबरोच्या सरकारी संशोधन केंद्रात त्या काम करायच्या. १९४१ मध्ये त्यांनी पेट्रोलच्या वाटेत बसवायची धातूची छोटीशी चकती काढली, मधोमध भोक असलेली. वॉशरसारखीच. चार-दोन मदतनीस घेऊन तळोतळ फिरल्या आणि त्या चकत्या बसवून घेतल्या. मोटरसायकलच्या शर्यती त्या युद्धाआधीपासूनच जिंकत होत्या. युद्धानंतर नवरा-बायको दोघंही मोटारींच्या शर्यतीत उतरायची आणि गाड्यांची खटपट घरीच करायची.

असो. बहीण आणि भावजी दोन्ही गाड्या बघून आले. जीटी बघायला गेले तेव्हा हिने पर्समधून फ्रिजला लावायचं गणपतीचं लोहचुंबक काढलं आणि दाराखालच्या उंबऱ्यावर फिरवलं. पुढे चिकटलं, मागे चिकटलं, मधे वीतभर कुठेच चिकटेना. म्हणजे पत्रा नाहीच, नुसती पुट्टी. मग मालकाला जॅक लावायला सांगितलं आणि दार उघडून पाहिलं. गाडी वर जाता जाता दाराची फट आवळत गेली आणि दार परत लागेना. भावजी काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला म्हणे. बिचाऱ्यांनी रंगसुद्धा ठरवला होता.

स्पिटफायर १९७७ ची, १४९३ सीसीची. मालक सगळं भावजींनाच सांगत होता, इंजिन कसं, गिअर कसे. हिने भावजींना आत बसवलं. "मी सांगेन तेव्हा क्लच दाब आणि सोड." आणि स्वतः मगरीचं तोंड उघडून इंजिनच्या पुढच्या पुलीवर नजर लावून बसली. क्लच दाबला की पुली पुढे सरकत होती, सोडला की मागे. डोळ्यांना दिसण्याइतकी. या इंजिनाचं हे जुनं दुखणं. क्रँकशाफ्टला जागेवर धरणारे वॉशर झिजतात, कधी गळूनच पडतात आणि मग आतलं सगळं खातं. इंजिन खाली उतरवल्याशिवाय सुटका नाही.

मी म्हटलं, "म्हणजे हीसुद्धा गेली!"

"अगं, म्हणजे हीच मिळाली," ती म्हणाली. मालकाने ऐकल्यावर किंमत उतरवली. उंबरे बरे निघाले, चॅसी ठोकून पाहिली तर खणखणीत. आणि जे बिघडलंय ते नेमकं तिला आवडणारं काम. त्या गाडीला रबरी नळ्यांपासून सगळं नवं लागणार आहे, कारण सप्टेंबर २०२१ पासून तिकडच्या साध्या पेट्रोलमध्येही दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या नळ्यांना ते खपत नाही. चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना तिकडे रस्ता कर नाही, वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही, पण ती म्हणते मी तपासणी करूनच घेणार. ब्रेक आपण स्वतः बसवलेत म्हटल्यावर दुसऱ्या कुणीतरी पाहिलेले बरे.

भावजींची समजूत कशी निघाली? तर मॉरिस आता त्यांच्या नावावर. तिला हवा तो रंग देतील.

मागच्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन. मामांच्या घरातली ती पान्यांची पिशवी कुठे आहे, ते शोधायला सांगितलं. या जुन्या इंग्लिश गाड्यांचे बोल्ट इंचाच्या मापाचे. आपल्या आताच्या गाड्यांचे मिलिमीटरचे पाने त्यांना लागत नाहीत. मी कोल्हापूरला गेले, माळ्यावर चढले. पितळी समया, मामींचा पाटा, त्यामागे खाकी कापडाची गुंडाळी. आत सात पाने, मशीनचं तेल लावून ठेवलेले. सात सोळांश, अर्धा, नऊ सोळांश. गंजाचा ठिपका नाही.

कुरिअरवाल्याने विचारलं, "आत काय आहे मॅडम?"

"पाने."

"वापरलेले? मग किंमत काय लिहू?"

मी त्याला म्हटलं, वजन कर आधी. दोन किलोला थोडं कमी भरलं. टॉवेलात गुंडाळून दिलेत. टॉवेल मामींचाच आहे, कडेला ग्रीसचा डाग आहे.